आख्यान आणि जमाखर्च

सटाण्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला कांद्याच्या चाळी आणि डाळिंबे निवडण्याचे मांडव आहेत. हंगामात तेथे सकाळपासून सायंकाळपर्यंत बायका बसलेल्या असतात. हात मालावर चाललेले, तोंडे पदराने बांधलेली, आणि मध्यभागी एखाद्या पालथ्या क्रेटवर कोणाचा तरी मोबाइल ठेवलेला. काही वर्षांपूर्वी त्यांतून सिनेमाची गाणी ऐकू येत. अलीकडे त्यांतून बोलणे ऐकू येते. एक गंभीर पुरुषी आवाज एखाद्या विस्मृत राणीची कथा सांगत असतो, किंवा एखादी बाई मुलाखतकारास आपला उद्योग शून्यातून कसा उभा राहिला ते सांगत असते. आम्ही एका मांडवाशी सहज उभे राहिलो आणि कथा संपेपर्यंत हललो नाही, हे प्रारंभीच कबूल करावयास हवे. त्यानंतर गेल्या पावसाळ्याचे चार महिने आम्ही हा नवा प्रकार नियमाने ऐकला. त्याविषयीचा आमचा अभिप्राय येथे नमूद करीत आहो.

या प्रकारास पॉडकास्ट असे नाव आहे. २००१ साली निघालेले आयपॉड हे खिशात मावणारे यंत्र आणि नभोवाणीच्या प्रक्षेपणाचा इंग्रजी शब्द यांची सांगड घालून हे नाव बेन हॅमर्सली या पत्रकाराने २००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ पत्रात सुचविले. ते यंत्र आता निघत नाही, नाव मात्र राहिले आहे. मुंबईत नभोवाणीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तेव्हापासून आपल्याकडे भाषणे, श्रुतिका, मुलाखती कानांनी ऐकण्याची सवय आहेच. फरक इतकाच की नभोवाणीची वेळ ऐकणाऱ्यास पाळावी लागे आणि येथे ऐकणाऱ्याची वेळ बोलणारा पाळतो. हा फरक लहान नाही. मासिक हातात धरावे लागते. ज्यांचे दोन्ही हात दिवसभर गुंतलेले आहेत त्यांच्यापर्यंत आमच्यासारख्यांचे लेखन आजवर कधी पोहोचलेच नव्हते, आणि हा प्रकार तेथे सहज पोहोचला आहे. आणखी एक गुण येथेच सांगतो. यांतील कित्येक बायका आपल्या बोलीत बोलतात. बागलाणची बाई मुलाखतीत बोलता बोलता अहिराणीवर येते आणि कोणी तिला थांबवीत नाही. मराठी मासिकांनी हे औदार्य फारसे कधी दाखविले नाही; आम्हीही दाखविलेले नाही.

आम्ही ऐकले त्यांतील दोन विषयांचा भरणा फार मोठा आहे. पहिला ‘विस्मृतीत गेलेला इतिहास’, दुसरा ‘उद्योगात यश मिळविणाऱ्या स्त्रिया’. पुष्कळदा दोहोंचा संगमही होतो आणि एखाद्या पूर्वकालीन स्त्रीस उद्योजिका ठरवून तिची कथा सांगितली जाते. कोणत्या मालिका ऐकल्या त्यांची नावे आम्ही घेत नाही, कारण दोष एकाचा नव्हे. तो आता या प्रकाराची रीतच होऊन बसला आहे. जेथे गुण दिसला तेथे मात्र नाव घेण्यास संकोच नाही. ‘लोकसत्ते’च्या ‘गोष्ट मुंबईची’ या मालिकेत भरत गोठोसकर प्रत्यक्ष त्या इमारतीपाशी, त्या रस्त्यावर उभे राहून बोलतात. ती मालिका केवळ श्राव्य नाही, हे खरे. परंतु सांगितलेली गोष्ट श्रोत्याने स्वतः जाऊन पडताळावी असे निमंत्रणच त्या रीतीत आहे, आणि इतिहासकथनात हे निमंत्रण आम्हांस फार मोलाचे वाटते.

आमचा मुख्य आक्षेप सांगण्यासाठी कीर्तनाचा आधार घेतो. नारदीय कीर्तनाचे दोन भाग सर्वांस ठाऊक आहेत. पूर्वरंगात बुवा एखादे पद घेऊन त्यातील सिद्धांत मांडतात, शंका काढतात, तिचे निरसन करतात, आणि मग उत्तररंगात त्याच सिद्धांताच्या पुष्टीसाठी आख्यान लावतात. श्रोत्यांस आख्यान अधिक आवडते, हे कोणत्याही बुवांस सांगावे लागत नाही. परंतु पूर्वरंग गाळून नुसते आख्यान लावणाऱ्यास आपल्याकडे कोणी कीर्तनकार म्हणत नाही. आजच्या या ध्वनिकथा म्हणजे पूर्वरंगावाचूनचे आख्यान आहे. दारिद्र्य, अपमान, निश्चय, एक अडचण, दुसरी अडचण, मग कोणा सज्जनाची कृपा आणि अखेर यश, हा क्रम इतका ठरलेला असतो की दहाव्या कथेस आम्ही नायिकेच्या आधी तिचे पुढचे वाक्य म्हणू लागलो. मध्येच वाद्यांचा करुण स्वर लागला की सासूचा प्रवेश होणार, हे मांडवातील बायकांसही कळते, आणि त्या हसतात.

प्रथम ‘विस्मृत’ या शब्दाचा विचार करू. पुष्कळशा कथांचा आरंभ ‘हे तुम्हांला शाळेत कधीच शिकवले नाही’ अशा धमकीवजा वाक्याने होतो आणि पाठोपाठ नाव येते ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे! ज्या बाईंचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी १९१२ साली प्रसिद्ध केले, ज्यांच्यावर श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली लिहिलेली कादंबरी घरोघर वाचली गेली, ज्यांच्यावर २०१९ साली चित्रपट निघाला, त्या विस्मृत असतील तर स्मृतीत आहे तरी कोण? विस्मृतीचा हा बाजार मांडताना सांगणारा श्रोत्यास अज्ञानी आणि स्वतःस शोधक ठरवून घेतो. शोध मात्र कोठेच घेतलेला नसतो, कारण ही माहिती कोणत्या ग्रंथातून, कोणत्या पत्रातून, कोणत्या दप्तरातून मिळाली हे सांगण्याची चालच या प्रकारात पडलेली नाही.

खरोखर ज्यांच्याविषयी कोणी बोलत नाही अशा स्त्रिया शोधावयाच्या तर फार दूर जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यांस लोक पांडवलेणी म्हणतात, तेथे दहाव्या लेण्याच्या अंगणात एक झिजलेला लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा. त्यात विष्णुदत्ता नावाची स्त्री आहे. ती शक कुळातली. अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची माता. तिने लेण्यात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. कुलरिकांच्या श्रेणीत एक हजार कार्षापण, ओदयंत्रिकांच्या श्रेणीत दोन हजार. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचाही लेखात उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. तो लोकांचे पैसे ठेवून घेई आणि त्यावर व्याज देई. व्याजाचा दरही त्याच लेण्यातील दुसऱ्या, अधिक जुन्या लेखावरून कळतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीत दोन हजार ठेवले ते दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसऱ्या श्रेणीत एक हजार ठेवले ते शेकडा पाऊण दराने. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि त्याची नोंद झाली, हेही तेथे कोरलेले आहे.

या लेखांचे वाचन १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरात पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या परिश्रमाने आलेले आहे. तेव्हा विष्णुदत्ता विस्मृत नाही. तिच्याविषयी कोणी विचारलेले नाही इतकेच. या दोन गोष्टी एक नव्हेत. उद्या एखाद्या ध्वनिकथाकारास ती सापडली तर तो तिला ‘भारताची पहिली महिला गुंतवणूकदार’ ठरवील, अशी आम्हांस धास्ती आहे. ती पहिली होती असे म्हणण्यास आधार नाही आणि ती व्यापार करीत होती असेही लेखात नाही. ती ठेवीदार होती. परंतु पाहण्याजोगे असे की त्या शिळेवर तिचे अश्रू कोरलेले नाहीत. कोणाची ठेव, कोणत्या संघात, किती रकमेची, कोणत्या हेतूने, इतकेच तेथे आहे, आणि सतराशे वर्षांनंतर त्या चार नोंदींवरून आपल्यास एका स्त्रीच्या हाती असलेल्या पैशाचे, तो पैसा वागविणाऱ्या धंद्यांचे आणि त्या गावच्या विश्वासाचे चित्र उभे करता येते. अश्रू कोरले असते तर काय उभे राहिले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

आता दुसऱ्या विषयाकडे, उद्योगातील स्त्रियांकडे, वळू. लिज्जत पापडाची कथा आम्ही या चार महिन्यांत पाच निरनिराळ्या आवाजांत ऐकली. पाचही ठिकाणी ती एकाच वाक्याने सुरू होते : गिरगावातील सात बायका आणि ऐंशी रुपयांचे कर्ज. वाक्य खरे आहे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर त्या बायकांनी पापडाची चार पाकिटे तयार केली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यास विकली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच. त्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. येथून कथा उडी मारते ती एकदम हजारो बहिणींवर आणि कोट्यवधींच्या उलाढालीवर.

परंतु या उडीच्या खाली जे गाडले जाते तेच आमच्या मते शिकण्यासारखे आहे. कर्ज दिले ते भारत सेवक समाजाच्या छगनलाल करमशी पारेख यांनी. दोन प्रतींचे पापड न करता एकच उत्तम प्रत करा, असा त्यांचा आग्रह होता. देणगी स्वीकारावयाची नाही हा दंडक पहिल्यापासून पाळला गेला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले, आणि दुसऱ्या वर्षी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेऊन, खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवून, त्यांनी पावसावर तोड काढली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता देऊन आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल आणि करांत सवलत दिली. ऐंशी रुपये पाचही कथांत आहेत; आठ लाख रुपये एकीतही नाहीत. ऐंशी रुपयांनी श्रोत्याचा ऊर भरून येतो आणि आठ लाखांनी येत नाही, हे आम्हांस समजते. पण जी बाई हे ऐकून उद्या स्वतःचा धंदा मांडणार आहे तिला यांपैकी कोणता आकडा अधिक उपयोगाचा?

आणखी एक गोष्ट अशीच गळते. लिज्जतमध्ये काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण मानली जाते. सकाळी मळलेले पीठ घरी न्यावयाचे, लाटून वाळवून परत आणावयाचे, तेथे ते तपासले जावयाचे आणि लाटणावळ हाती पडावयाची; नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. चाळीस हजारांहून अधिक बायका या पद्धतीने बांधल्या गेल्या आहेत. म्हणजे ही कथा एका कर्तबगार नायिकेची नाहीच. ती एका व्यवस्थेची आहे. परंतु आख्यानास नायिका लागते. मग सातांतून एक निवडून पुढे काढली जाते आणि उरलेल्या सहा व चाळीस हजार तिच्या मागे पखवाज्यासारख्या उभ्या राहतात.

एवढ्यावरच आमची तक्रार असती तर तिला केवळ रुचिभेद म्हणता आले असते. परंतु या गाळण्याचा परिणाम आम्ही येथे डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या परिचयाच्या एक बाई सटाण्याजवळच्या खेड्यात नागलीचे पापड, बिबडे, कुरडया करून विकतात. सहा बायका त्यांच्याकडे कामास येतात. त्यांची मुलाखत घेण्यास शहरातून दोन तरुण आले. मुलाखत अडीच तास चालली आणि आम्ही तेथे बसलो होतो. बाईंनी वही काढून सर्व सांगितले. वाळवणास लागणारी गच्ची त्यांच्या जावेची आहे आणि त्याबद्दल जावेस दरसाल माल द्यावा लागतो. घर नवऱ्याच्या नावे असल्यामुळे दोनदा कर्ज मागूनही त्याच्या सहीवाचून मिळाले नाही. एका उन्हाळ्यात अवकाळी पावसाने आठवड्याचे वाळवण भिजले, तेव्हा त्यांनी वर्षभर धंदा बंद ठेवला आणि दुसऱ्याच्या मळ्यात निंदणीस गेल्या. नागली काढणीनंतर थेट डोंगराकडच्या गावांतून घेतली तरच दोन पैसे सुटतात, पेठेतून घेतली तर सुटत नाहीत. हे सर्व त्यांनी न लाजता सांगितले.

प्रसिद्ध झालेली कथा चाळीस मिनिटांची होती. तीत जाऊ नव्हती, सही नव्हती, निंदणी नव्हती, नागलीचा भाव नव्हता. बाईंचा आवाज एकदा दाटून आला होता तेवढा भाग होता, तोही दोनदा, आरंभी आणि शेवटी. मुलाखतकार मध्ये मध्ये ‘आणि तुम्ही हार मानली नाही’ असे म्हणत होता. कथेच्या ऐन मध्यावर झटपट कर्ज देणाऱ्या कोणा व्यवसायाची जाहिरात होती. आम्ही बाईंस त्यांचे मत विचारले. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, लाटी ठेवली त्यांनी, पापडखार काढून टाकला.’

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. ती कथा ऐकून त्याच गावातल्या दोघी सुनांनी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढून पापडाचाच धंदा मांडला. बाईंनी हार मानली नाही, हे त्यांनी ऐकले होते. बाईंनी वर्षभर धंदा बंद ठेवला होता, हे ऐकले नव्हते. नागली त्यांनी पेठेतून आणली. हप्ते मात्र पावसाळ्यातही थांबत नाहीत. त्यांपैकी एकीने गळ्यातली पोत मोडली. आम्ही हा दोष कोणा एका मुलाखतकारावर घालीत नाही. तो तरुण सज्जन होता आणि त्याला आपण पुण्यकर्म करीत आहो असेच वाटत होते. परंतु जे लेखन वा भाषण स्वतःस प्रेरक म्हणवते त्याला, प्रेरणा घेऊन कोणी काही केले तर त्याचे काय होईल, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार टीकाकारास आहे. कादंबरी वाचून कोणी कर्ज काढीत नाही. ही कथा ऐकून काढतात.

त्या नवऱ्याच्या सहीविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण येथे दोन्ही विषय, विस्मृत इतिहास आणि स्त्रियांचा उद्योग, एकमेकांस भेटतात. स्त्रीच्या हाती तारण ठेवण्याजोगी मालमत्ता का नाही, हा प्रश्न धैर्याचा नव्हे, कायद्याचा व वहिवाटीचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे सबंध देशाने २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलासारखा हिस्सा दिला. कागदावरचा हा हिस्सा बहिणी भावांच्या हाती सोडून देतात, हे बागलाणात काय अन्यत्र काय, सर्वांस ठाऊक आहे. शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९८२ मध्ये याच सटाण्यास भरले. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, होळकरांच्या रंगमहालाच्या चांदवडास शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरले, आणि त्यातून निघालेल्या विचारांच्या ओघात पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला : शेतकऱ्याने आपखुषीने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा. शरद जोशी यांच्या मतांशी कोणाचे जुळो वा न जुळो, आणि आमचेही सर्वत्र जुळत नाही, पण सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी गावोगाव प्रचार झाला ही घटना लहान नव्हे. चांदवडास गेलेल्या बायका आज आज्या झाल्या आहेत. त्या आमच्या आसपास राहतात आणि त्यांना बोलता येते. विस्मृत इतिहासाच्या शोधात निघालेल्या एकाही मालिकेत आम्हांस त्यांतली एकही भेटली नाही.

कोणी म्हणेल की आकडे आणि कायदे सांगू लागल्यास ऐकणारे उठून जातील. या आक्षेपास आमचे उत्तर माणदेशात आहे. म्हसवडच्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने प्रथम नकार दिला. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे पुष्कळ होते. चेतनाताई स्वतः सांगतात ती हकीकत अशी : बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी करतो, तुमचे साहेब यंत्रावर करोत, कोण आधी सांगते ते पाहू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ‘माणदेशी तरंग’ नावाचे सामुदायिक नभोवाणी केंद्रही त्याच प्रयत्नातून निघाले. या हकीकतीत रस आहे तो अश्रूंमुळे नव्हे, व्याजाच्या हिशेबामुळे! ज्या बायका मांडवात बसून ऐकतात त्या दिवसभर क्रेट मोजतात, रोज मोजतात, उचल वजा करतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा तिचा अर्थ चाळीतल्या बाईस वर्तमानपत्रापूर्वी कळला होता. आकड्यांचा कंटाळा येतो तो बहुधा सांगणाऱ्यास.

परदेशी नमुनाही या बाबतीत आपल्या अनुकरणाहून बरा आहे. २०१६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या गाय रॅझ यांच्या ‘हाऊ आय बिल्ट धिस’ या मालिकेत उद्योग उभारणाऱ्यास अखेरीस एक ठराविक प्रश्न विचारला जातो : तुमच्या यशात दैवाचा भाग किती आणि श्रमाचा व कौशल्याचा किती? प्रश्न ठराविक असला तरी उत्तर देणाऱ्यास क्षणभर अडखळावयास लावतो, आणि ते अडखळणे हाच पुष्कळदा सबंध तासातला सर्वांत खरा क्षण असतो. आम्ही ऐकलेल्या मराठी मुलाखतींनी त्या मालिकेचा साचा घेतला, संगीत घेतले, मधल्या जाहिराती घेतल्या. हा प्रश्न मात्र घेतला नाही.

आणि परदेश तरी कशास? सटाण्याचे दैवत म्हणजे देवमामलेदार यशवंतराव महाराज. यशवंतराव भोसेकर हे येथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांस धान्यापैसा दिला. १८८७ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला. मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत आरमेच्या काठी कोणत्याही म्हाताऱ्यास विचारा, तो खजिन्यातून वाटलेली रक्कम सांगतो : एक लाख सत्तावीस हजार रुपये. मग वरचे साहेब तपासणीस आले, खजिना मोजला, आणि रक्कम पैपैशास जुळली, असे कथा सांगते. ती चमत्काराची कथा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद आम्ही येथे घालीत नाही. परंतु तिची रचना पाहा. खजिना आहे, वाटप आहे, तपासणी आहे, शिल्लक आहे. भाविकाने रचलेल्या कथेतही जमाखर्च पुरा केल्यावाचून चमत्कार होऊ दिलेला नाही.

गेल्या यात्रेत आमच्या त्या परिचित बाईंनी पापडांचे दुकान लावले होते. गर्दी ओसरल्यावर गावातल्या एका शिक्षिकेने तेथेच आपला मोबाइल पुढे धरून त्यांचे बोलणे पुन्हा एकदा नोंदवून घेतले. या वेळी बाईंनी वहीच वाचून दाखविली; नागली कोणत्या महिन्यात कोठून घेतली, पापडखारास काय पडले, भिजलेला माल किती, जावेला काय दिले, सहा बायकांची मजुरी किती. संगीत नव्हते. मागे पाळण्यांचा कर्कश आवाज आणि कोणाचे तरी लहान मूल रडत असलेले ऐकू येते. ती ध्वनिफीत फारशी कोठे पसरली नाही. परंतु आठवड्याभराने त्या दोघी सुना बाईंकडे आल्या. त्यांनी वही मागितली नाही, नागलीच्या गावाचे नाव विचारले. आणि बाईंनी ते लगेच सांगितले नाही, आधी चहा टाकला.